टाकीवाल्यांचे वाफे

माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला सगळा भाग टाकीवाले म्हणून ओळखतो. खरं नाव पोस्टमनला ठाऊक असेल तर असेल. मी त्यांना भावजी म्हणते. लग्नानंतर ते पहिल्यांदा आमच्या घरी आले तेव्हा मी दोन वेण्या घालून शाळेत जात होते. नव्या जावयाने चहा यायच्या आत न्हाणीघरातला नळ खोलून ठेवला. आई कपबशी घेऊन दारात उभी, बाबा अवघडून गेलेले, आणि जावईबापू बाह्या सरसावून म्हणतात, "वायसर गेलाय. जुन्या चपलेचं रबर आहे का घरात?" नळ थांबला. त्यानंतर दिवसभर हा माणूस हो आणि नाही यांच्या पलीकडे काही बोलला नाही. ताईला बाजूला घेऊन मी विचारलं, "तुझ्याशी तरी बोलतात का गं?" ती म्हणाली, "बोलतात की. परवा म्हणाले, तुझ्या हाताला मातीचा वास येतो." ते कौतुक होतं की तक्रार, हे तिलाही तेव्हा नक्की कळलं नव्हतं.

भावजी पत्र्याच्या पाण्याच्या टाक्या बनवायचे. घराच्या पुढेच लांबलचक शेड, तोच कारखाना. जस्ती पत्रा कापायचा, वाकवायचा, कडा एकमेकींत अडकवून ठोकायच्या आणि सांधे वितळलेल्या कथलाने झाळून बंद करायचे. ठोकाठोकीचा आवाज इतका, की त्या घरात सगळेच ओरडून बोलत. ताईच्या गळ्याला ती सवय कायमची लागली. फोनवर ती बोलते तेव्हा फोनची गरज असते असं मला वाटत नाही.

टाकी तयार झाली की भावजी ती काठोकाठ भरत आणि बाहेरून प्रत्येक सांध्यावर खडूची पूड चोळत. दुसऱ्या दिवशी खडू पांढराशुभ्र असला तर टाकी पास. कुठे नखाएवढा जरी काळपट डाग दिसला तर सगळी टाकी रिकामी करायची आणि पुन्हा झाळायला घ्यायची, मग गिऱ्हाईक दारात ताटकळत का बसेना. त्या शेडमध्ये एक शब्द उच्चारायला बंदी होती. 'गळतंय' म्हणायचं नाही. कामगारांनी फार तर म्हणायचं, "मालक, ओल दिसते." एका नव्या कारागिराने पहिल्याच दिवशी "मालक, ही गळतेय" असं ठणकावून सांगितलं, तर सगळ्यांचे हातोडे हवेतच थांबले. हा किस्सा ताई दर वेळी नव्याने रंगवून सांगायची, आणि भावजी दर वेळी उठून दुसऱ्या खोलीत जायचे.

घराच्या पुढे टाक्या आणि घराच्या मागे ताई, अशी त्या संसाराची वाटणी होती. मागे कुंपणापर्यंत मातीचा पट्टा. तिथे ताईचे वाफे. पालक, मुळे, कोथिंबीर, मिरच्या, टोमॅटो. खुरपं घेऊन ती उकिडवी बसायची आणि बसल्या बसल्याच पुढे पुढे सरकत जायची. जेवायला हाका माराव्या लागत. घरात कुंडी म्हणून औषधाला नव्हती. कुंडीतलं झाड म्हणजे पिंजऱ्यातला पोपट, असं तिचं मत. भावजी त्या पट्ट्यात कधी पाऊल टाकत नसत. बुटाला चिखल लागतो म्हणे. पाठीला पाठ लावून दोघांचं छान चाललं होतं. पुढे प्लास्टिकच्या टाक्या आल्या आणि शेड बंद पडली. उरलेले पत्रे भिंतीशी टेकवून ठेवले, हत्यारांना तेल लावून ती पेटीत गेली, आणि भावजी दिवसभर घरातले नळ तपासत हिंडू लागले. ताईचं मात्र मागे चालूच होतं.

मग थंडी सरता सरता एका सकाळी ताई वाफ्यातून उठताना घसरली. ओल्या मातीवर पाय गेला आणि खुब्याचं हाड मोडलं.

ऑपरेशनच्या दिवशीचं मला अजून डोळ्यांसमोर दिसतं. ताईला आत नेलेलं. बाहेरच्या बाकावर मी, माझा जीव टांगणीला लागलेला. भावजी शेजारी नाहीत. बघते तर कोपऱ्यातल्या बेसिनखाली गुडघे टेकून बसलेत आणि ठिबकणाऱ्या नळाशी झटापट चाललीय. माझ्या डोक्यात तिडीकच गेली. "भावजी, आत तुमची बायको आहे!" ते वळले नाहीत. म्हणाले, "ठाऊक आहे. म्हणून तर हा आवाज ऐकवत नाही." नळ थांबला तेव्हा कुठे येऊन बसले, आणि हात पुसायच्या निमित्ताने रुमालाच्या घड्या घालत राहिले. अशा वेळी माणसाने माणसाचा हात धरावा, असं माझं तेव्हाही मत होतं आणि आजही आहे.

सांधा बदलला. डॉक्टरांनी सांगितलं, वॉकर धरून चालायचं, पुढे काठी येईल, पुढे काठीही सुटेल. पण उकिडवं बसायचं नाही आणि खाली वाकायचं नाही. ताईने विचारलं, "किती दिवस?" डॉक्टर म्हणाले, "आता कधीच नाही." ती बरं म्हणाली. भाजीवाल्याने आज कोथिंबीर नाही म्हटल्यावर आपण म्हणतो, तसं बरं.

ताईची मुलगी, माझी भाची, नोकरीला दूरगावी. तिची रजा संपली तेव्हा मी शिलाई मशीन गाडीत घालून ताईकडे येऊन राहिले. शिवणकाम काय, कुठेही बसून होतं. ताईची खुर्ची मी कौतुकाने मागच्या खिडकीशी ठेवली, तिला तिचा पट्टा दिसावा म्हणून. चहा घेऊन आले तर खुर्ची फिरवलेली, तोंड कपाटाकडे. "ऊन येतं गं डोळ्यांवर," ती म्हणाली. त्या खिडकीत ऊन येत नाही. मागे पालक जून होऊन फुलोऱ्यावर आला, मुळे जमिनीतच निबर झाले, आणि ती कपाटाच्या दाराकडे बघत बसली. बोलणं कमी झालं, आवाज तर इतका खाली आला की फोनवर भाची विचारायची, "आई आहे ना तिथं?"

एक दिवस जेवताना ताई म्हणाली, "अहो, मागच्या पट्ट्यात फरशी घालून घ्या. कपडे वाळत घालायला बरी पडेल."

भावजींचा घास हातातच राहिला. "बघू."

"बघू नाही. गवंड्याला बोलवा."

मी पाणी आणायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात गेले आणि पदराने डोळे पुसले. मला फरशीचं काही नव्हतं. पण एकदा ती फरशी बसली की माझी ताई त्या कपाटासमोरून पुन्हा उठणार नाही, हे मला लख्ख दिसत होतं. भावजींनाही दिसत असावं. पण बायकोने सांगितलं आणि यांनी केलं नाही, असं कधी झालं नव्हतं. त्यांनी गवंड्याला फोन केला. तो दुसऱ्या कामावर अडकलेला. ते उरकलं की येतो म्हणाला. "सावकाश ये," भावजी म्हणाले. कामाच्या माणसाला सावकाश ये म्हणताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकलं.

दुसऱ्या दिवशी ते माझ्या मशीनपाशी येऊन घुटमळू लागले. "शिंपीणबाई, तुझी टेप दे." मला ते लाडाने असंच म्हणतात. मी म्हटलं, तुमची पोलादी टेप कुठं गेली? तर म्हणाले, "ती बघितली तर तिला संशय येईल. तूच माप घे तिचं. गाऊन शिवायचाय म्हण."

"कसलं माप?"

"कोपरापासून जमिनीपर्यंत. वॉकर धरून उभी असताना. आणि हात पुढे कुठवर पोचतो ते."

मी ताईला उभं करून कोपराला टेप लावली. तिने लावू दिली. टेप जमिनीपर्यंत सोडली तेव्हा मात्र म्हणाली, "इतकी वर्षं शिवतेस, गाऊनला हे माप लागतं हे मला ठाऊक नव्हतं." तेवढ्यात दाराआडून भावजींची मान डोकावली. "अहो," ताई म्हणाली, "माझी टाकी बनवताय का?" मान गायब झाली. ताईच्या ओठांचा कोपरा जरा हलला, आणि मी त्या दिवशी तेवढ्यावर समाधान मानलं.

शेड उघडली. किती वर्षांनी त्या घरात हातोड्याचा आवाज घुमला. पहिल्या घावाला ताईने मान वर केली. दुसऱ्या घावाला म्हणाली, "पत्रा जाड घेतलाय." आणि पुन्हा कपाटाकडे. भावजींना मात्र उधाण आलं होतं. मी चहा घेऊन जायची तेव्हा ते मला एकेक गोष्ट दाखवत. माझ्याशी ते इतकं आयुष्यात बोलले नव्हते. दोन वाफे करायचे, लोखंडी पायांवर उभे, ताईच्या कोपराच्या जरा खाली येतील असे. रुंदी बेताची, म्हणजे हात पलीकडच्या कडेपर्यंत पोचेल. खाली मोकळी जागा, म्हणजे वॉकर आत सरकेल आणि तिला वाफ्याला पोट टेकून उभं राहता येईल. पत्र्याची वरची कड जाड तारेवर गुंडाळून गोल केलेली. "का, सांग," त्यांनी विचारलं. मी म्हटलं, शोभेला. "शोभेला! दमली की ती इथे हात टेकणार. कापायला नको." त्या गोल कडेवरून त्यांनी स्वतःचा तळवा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला, मग मला फिरवायला लावला. लेकराची दुपटी इतकी तपासून मी कधी शिवली नसतील.

"ताईला विचारा की काही," मी म्हटलं. "तिला यातलं कळतं."

"झालं की दाखवू," ते म्हणाले. मग थोडं थांबून, "आधी विचारलं तर नको म्हणेल गं."

वाफे तयार झाले. आणि भावजींनी ते पाण्याने भरले, काठोकाठ. सांध्यांवर खडू चोळला. मीही बाजूला उभी होते. मला त्यात काही खटकलं नाही. मी शिंपीण, मला रोपांतलं कळतं ते इतकंच, की हिरवं म्हणजे बरं. सकाळी आम्ही दोघं चहाच्या आधी धावत जाऊन बघितलं. खडू जसाच्या तसा. भावजींनी सगळीकडून फेरी मारली आणि माझ्याकडे बघून नुसतं म्हणाले, "पास." शेजारपाजारचे येऊन गेले, टाकीवाल्यांचा हात अजून तसाच आहे म्हणाले. पाणी उपसलं, ताईच्या पट्ट्यातली माती चाळून भरली, वर कुजलेल्या पाल्याचं खत आणि दोन झाऱ्या पाणी. वाफ्यांना बाहेरून रंग दिला, ताईच्या जुन्या स्वेटरचा होता तसा मातकट तांबडा.

मग ताईला बाहेर आणलं. वॉकर ठकठक करत ती पहिल्या वाफ्यापाशी गेली. गोल कडेवरून अंगठा फिरवला. मातीवर तळहात ठेवला, दाबला नाही. मग तिची नजर वाफ्याखालच्या कोरड्या जमिनीवर गेली आणि तिथे क्षणभर राहिली. भावजी पट्ट्याच्या कडेला उभे होते, परीक्षेच्या निकालाला उभं राहावं तसे.

"छान झालंय काम," ताई म्हणाली. आणि वळली. "मला आत ने गं."

भावजींचा चेहरा मला बघवला नाही. पण हार मानणाऱ्यांतले ते नव्हेत. रोपवाटिकेतून टोमॅटोची आणि मिरचीची रोपं आणली, पालक पेरला, आणि बुटांची पर्वा न करता दोन्ही वेळा झारी घेऊन मागे जाऊ लागले. पालक उगवला. त्यांनी येऊन सांगितलं, "अगं, आलाय हं." ताई म्हणाली, "येणारच." टोमॅटोने दोन नवी पानं टाकली. मला वाटलं, जमतंय.

मग पानं पिवळी पडू लागली. दुपारी रोपं माना टाकत. मान टाकलेलं रोप म्हणजे तहानलेलं रोप, हे आम्हा दोघांच्या अकलेला पटलं, म्हणून भावजी आणखी एक झारी घालत. रोप आणखी मान टाकी. ते आणखी पाणी घालत. मातीवर हिरवट साय धरली, चिलटं घोंघावू लागली, आणि वाफ्यापाशी गेलं की शिळ्या फुलदाणीसारखा वास येऊ लागला. माझा संयम तसा बेताचाच. मी म्हटलं, "भावजी, आता ताईला विचारा, नाहीतर मी विचारते." ते माझ्यावर पहिल्यांदाच चिडले. "तिला काही विचारायचं नाही! हेही मेलं असं तिला जाऊन सांगू?" झारी तिथेच ठेवून ते शेडमध्ये गेले आणि दार लावून बसले. 

मी खिडकीतून हे सगळं बघत होते आणि ताई कपाट बघत होती. खिडकी उघडी होती. वास आत येत होता. तिच्या नाकपुड्या हललेल्या मला दिसल्या, पण ती बोलली नाही आणि मीही मूग गिळून बसले.

आणि नेमका दुसऱ्या दिवशी गवंडी उगवला. सायकलच्या कॅरिअरला नमुन्याची एक फरशी बांधून. पट्टा बघितला, पावलांनी लांबीरुंदी घेतली आणि वाफ्यांकडे बोट करून म्हणाला, "टाकीवाले, हे काय हो? हे हलवावं लागेल."

भावजी वाफ्यापाशी उभे होते. एक टोमॅटोचं रोप त्यांनी सहज बोटांत धरलं तर ते मुळापासून हातात आलं. मुळं काळी, बुळबुळीत. त्यांनी ते बघितलं आणि शांतपणे म्हणाले, "हलवतो. घाल फरशी. ती म्हणते तेच बरोबर. माझ्या हाताला पाणी धरून ठेवायचं तेवढं कळतं, झाड जगवायचं नाही."

ते काही मोठ्याने बोलले नव्हते. पण खिडकी उघडी होती.

माझ्या मागे खुर्ची करकरली. बघते तर ताई उभी. मी धावले तर तिने हाताने मला बाजूला केलं. स्वयंपाकघर, मागचं दार, उंबऱ्यावर वॉकर उचलून पुढे ठेवला, मग पाऊल.  पट्ट्यातल्या मातीवरून ती एकटी चालत गेली, ज्या मातीने तिला पाडलं तिच्यावरून, आणि पहिल्या वाफ्याला पोट टेकून उभी राहिली. बाह्या वर केल्या. उजवा हात मनगटापर्यंत मातीत खुपसला. पचकन आवाज झाला. मूठभर काढून नाकाशी नेली.

"अहो," ती म्हणाली, आणि तिचा जुना, कारखान्यावरून पलीकडे पोचणारा आवाज परत आलेला मी ऐकला, "झाडं बुडवलीत तुम्ही!"

"बुडवली? मी तर रोज पाणी—"

"तेच ना! ते जाणार कुठं? खाली भोक कुठाय?"

"भोक?" भावजींनी तो शब्द असा उच्चारला की गवंडी दोन पावलं मागे सरला. "मी केलेल्या टाकीला भोक?"

"टाकी नाही हो ही. वाफा आहे. वाफ्यातून पाणी निथळायला हवं. नाहीतर मुळांना श्वास कसा मिळणार?"

भावजींनी वाफ्याकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं, जणू मी तरी आधी सांगायला हवं होतं. मी आभाळाकडे बघितलं. खडू चोळून रात्रभर पाणी राखलं आणि पास म्हणून टाळ्या पिटल्या, त्यात मीही होतेच. माझ्यासारखी शिंपीण सोडली तर या जगात कुणालाही हे सुचलं असतं. फक्त जन्मभर टाक्या केलेल्या माणसाला सुचणार नव्हतं.

"पाडा," ताई म्हणाली.

वरून पाणी येणार म्हणून विजेचं मशीन नको, असं म्हणत त्यांनी पेटीतून हाताने फिरवायचं जुनं ड्रिल काढलं. पोतं अंथरून वाफ्याखाली उताणे झोपले. आम्हाला त्यांचे फक्त पाय दिसत होते. खडूने खुणा केल्याचा आवाज आला. अंतर मोजून, एका ओळीत. मग काहीच आवाज येईना. ताई वाट बघत उभी. गवंडी फरशी काखेत धरून उभा.

"काय झालं?" ताईने विचारलं.

खालून आवाज आला, "हात जात नाही गं."

कुणी हसलं नाही. ताईने दोन्ही हात गोल कडेवर टेकले. ती कड तिच्या तळव्यांखाली बरोबर बसली होती. तिला खाली वाकून बघता येत नव्हतं आणि त्यांना वर बघून काही दिसत नव्हतं. मध्ये तो भरलेला वाफा. कदाचित त्यामुळेच भावजींना बोलता आलं असेल.

"तू फरशी म्हणालीस ना," ते म्हणाले, "तेव्हापासून मला झोप नाही. मला वाटलं, तू आता उठायचीच नाहीस. मला टाकीशिवाय काही येत नाही. म्हणून हे केलं. आणि हेही..." पुढचं आलं नाही.

ताईचे डोळे भरून आले. तिने ते बाहीला पुसले. तिथेही माती होती, ती गालाला लागली. म्हणाली, "आता उठलेय ना मी? मग आधी भोक पाडा. मला फार वेळ उभं राहवत नाही."

ड्रिल फिरू लागलं. करकर, करकर, मग एकदम टच्च झालं आणि खालून भावजी जोरात ओरडले. काळंभोर पाणी सगळं त्यांच्या अंगावर. पाय झाडत ते बाहेर आले तेव्हा कपाळापासून छातीपर्यंत कोळशाच्या वखारीतून आल्यासारखे दिसत होते. ताई हसली. आधी जरा, मग तोंड आवरेना. वाफ्याची कड धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत ती हसली, आणि म्हणाली, "आता तुमच्या अंगाला मातीचा वास येतोय बघा." भावजी तोंड पुसत नुसते तिच्याकडे बघत राहिले. मी दोन वेण्यांच्या वयापासून त्यांना ओळखते, पण असं बघताना कधी बघितलं नव्हतं.

बाकीची भोकंही पडली. आणि हा माणूस कसा पाहा, प्रत्येक भोकाची कड कानशीने घासून गुळगुळीत केली, गंजू नये म्हणून रंगाचं बोट फिरवलं. मी म्हटलं, आता हे कुणाला दिसणार आहे? तर म्हणाले, "गळायचंच तर नीट गळू दे." ताईने हुकूम सोडले. सगळी माती काढा, वाळवा, तळाला खापराचे नाहीतर विटेचे तुकडे टाका, मग परत भरा. तुकडे कुठून आणायचे म्हणून भावजी इकडेतिकडे बघू लागले. ताईने गवंड्याच्या काखेकडे बोट दाखवलं. "ती फोडा की."

"अहो बाई, नमुन्याची आहे!" गवंडी कळवळला.

"मग नमुना पसंत आहे. फोडा."

फरशी फुटली. गवंड्याला काम मिळालंच, पण वेगळं. मागच्या दारापासून वाफ्यांपर्यंत वॉकर चालेल एवढीच वाट, आणि तीही खरखरीत, न घसरणारी.

वाट होईपर्यंत मी एकदा ताईला विचारलं, "तुला पहिल्याच दिवशी दिसलं होतं ना, भोक नाही ते?"

"दिसलं होतं."

"मग बोलली का नाहीस गं?"

ती दोऱ्याचं रीळ हातात फिरवू लागली. "बोलले असते तर मला रोज जावं लागलं असतं. मला भीती वाटत होती. मातीची. मला, मातीची." तिने रीळ माझ्या डब्यात ठेवलं. "पण ते गवंड्याला 'घाल' म्हणाले ना, त्याची जास्त भीती वाटली."

नवी रोपं लागली त्या सकाळी ताईने वाफ्याला पोट टेकून स्वतःच्या हाताने ती लावली. दमली की गोल कडेवर हात टेके. मग तिने तांब्याने हळूहळू पाणी घातलं. भावजी पाट घेऊन वाफ्याखाली डोकं घालून बसले होते. सवयीने त्यांनी भोकांच्या कडेला खडू चोळला होता. ताई पाणी घालत होती, ते बघत होते. काही होईना. "तुकड्यांनी बुजलं की काय," असं ते पुटपुटलेसुद्धा. आणि मग खडूच्या पांढऱ्यावर एक काळा डाग उमटला, पसरला, आणि थेंब सुटला.

"गळतंय!" भावजी ओरडले. "अगं, गळतंय! सगळीकडून गळतंय!"

शेजारच्या दोन खिडक्या उघडल्या. ताई म्हणाली, "हळू ओरडा की. लोकांना वाटेल, टाकीवाल्यांची टाकी फुटली."

खालून आवाज आला, "वाटू दे."